तुर्की आणि मॅसेडोनियन लोकसंगीताची सामायिक मुळं: काय ऐकायचं, कसं ओळखायचं

तुर्की आणि मॅसेडोनियन लोकसंगीतात साम्य आहे हे पहिल्याच ऐकण्यात कळतं. ते नेमकं कशात आहे हे सांगणं मात्र अवघड जातं. ‘पाचशे वर्षं तुर्कांचं राज्य होतं म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. सामायिक मुळं शोधायची तर चार ठिकाणी कान लावावा लागतो: लयीत, स्वरांत, वाद्यांत आणि ती वाजवणाऱ्या माणसांत. चौथी जागा सर्वांत महत्त्वाची आहे, पण पहिल्या तीन समजल्याशिवाय तिचं महत्त्व लक्षात येत नाही.

आधी नकाशा

मॅसेडोनिया हा मुळात एक प्रदेश. १९१३ च्या बुखारेस्ट तहात तो ग्रीस, सर्बिया आणि बल्गेरियात वाटला गेला. सर्बियाच्या वाट्याला आलेला भाग पुढे युगोस्लाव्हियाचं एक प्रजासत्ताक झाला आणि आज तोच उत्तर मॅसेडोनिया या नावाचा देश आहे. राजधानी स्कोप्ये १३९२ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या हाती गेली ती १९१२ पर्यंत. या काळात स्कोप्येचं तुर्की नाव उस्कुप होतं, बितोलाचं मानास्तिर. साम्राज्याच्या युरोपातल्या या सगळ्या मुलखाला रुमेली म्हणत.

रुमेली हा शब्द लक्षात ठेवावा, कारण ‘तुर्की लोकसंगीत’ ही एकसंध गोष्ट नाही. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचं संगीत, मध्य अनातोलियाच्या (तुर्कस्तानच्या आशियातल्या भागाच्या) पठारावरचं संगीत आणि इस्तंबूलच्या पश्चिमेला थ्रेसमधलं संगीत ही तीन वेगळी जगं आहेत. मॅसेडोनियाचं सर्वांत जवळचं नातं थ्रेस आणि रुमेलीशी आहे. नमुना म्हणून पूर्व अनातोलियातलं गाणं घेतलं तर साम्य फिकं वाटेल, आणि चूक साम्याची नसून नमुन्याची असेल.

लोकांची ये-जाही दोन्ही दिशांनी झाली. चौदाव्या-पंधराव्या शतकांत अनातोलियातले भटके युरुक मेंढपाळ मॅसेडोनियात वसले. पूर्वेला राडोविश आणि श्टिपच्या डोंगरात त्यांची गावं अजून आहेत. उलट दिशेने १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनंतर, १९२३ च्या लोझान करारातल्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत आणि पुन्हा १९५० च्या दशकात युगोस्लाव्हियातून हजारो मुस्लिम कुटुंबं तुर्कस्तानात गेली. जाताना गाणी घेऊन गेली. तुर्कस्तानात आजही ‘रुमेली त्युर्कुलेरी’ म्हणजे रुमेलीची लोकगीतं हा स्वतंत्र गट मानला जातो आणि त्यांत वार्दार नदी, उस्कुप, मानास्तिर ही नावं सतत येतात.

सात मात्रांचं गणित

साम्य सर्वांत ठळक दिसतं ते लयीत. पाश्चात्त्य लोकसंगीतातले ठोके बहुधा सारख्या लांबीचे असतात. इथे दोन लांबीचे ठोके असतात, एक आखूड आणि एक लांब. आखूड ठोका दोन मात्रांचा, लांब ठोका तीन मात्रांचा. त्यांच्या मिश्रणातून ५, ७, ९, ११, १२ मात्रांची आवर्तनं तयार होतात. हंगेरियन संगीतकार बेला बार्तोकने या प्रकाराला ‘बल्गेरियन लय’ म्हटलं होतं. १९५१ मध्ये रुमानियन संगीतशास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन ब्राइलोयूने त्याला ‘अक्साक’ हे तुर्की नाव दिलं आणि जगभरच्या अभ्यासकांत तेच रूढ झालं. अक्साक म्हणजे लंगडती चाल.

मॅसेडोनियाची ओळख ठरलेली चाल म्हणजे लेस्नोतो. सात मात्रा, ३+२+२. बोलात म्हणायचं तर ‘ता-कि-ट त-क त-क’. तुर्की शास्त्रीय परंपरेत तालाला उसूल म्हणतात आणि तिथे नेमकी हीच ३+२+२ ची रचना ‘देव्र-इ हिंदी’ नावाने आहे. उलटी रचना २+२+३ दोन्हीकडे मिळते: तुर्कस्तानात थ्रेसच्या मांदिरा या प्रकारात, मॅसेडोनियात पूर्वेकडच्या भागात, आणि तिला लागून बल्गेरियाच्या राचेनित्सा नाचात.

मराठी वाचकाला ३+२+२ म्हटलं की रूपक आठवणार. ‘ती ती ना, धी ना, धी ना’. मोजदाद तीच आहे, त्यामुळे आपल्याकडचा कान सात मात्रा पटकन पकडतो. पण एका जागी हीच सवय फसवते. रूपकात सम ‘खाली’च्या जागी येते, पहिली मात्रा हलकी आणि वजन चौथ्या व सहाव्या मात्रेवर. लेस्नोतोत पहिल्याच मात्रेवर ढोलाचा सर्वांत जड ठोका बसतो आणि नाचणाऱ्याचा पायही तिथेच जमिनीवर येतो. रूपक मनात धरून टाळी दिली तर वजनं उलटी पडतात आणि सगळं गाणं तिरकं ऐकू येतं. उपाय असा की तालाचं नाव विसरायचं आणि ढोलाच्या खर्ज आवाजालाच ‘एक’ म्हणायचं.

सराव असा करावा. मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर ठेवा आणि प्रत्येक ठोका म्हणजे एक मात्रा धरा. सातचं एक आवर्तन साडेतीन सेकंदांत होईल. पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर टाळी द्या, पहिली जोरात, बाकीच्या दोन हलक्या. जमलं की गती दुप्पट करा. आवर्तन पावणेदोन सेकंदांवर आलं की मात्रा मोजणं सोडून द्यायचं आणि ‘लांऽब, छोटा, छोटा’ असे तीनच ठोके धरायचे. तिथले वादकही मात्रा मोजत नाहीत. त्यांच्या हाती तीन असमान ठोके असतात. आणि लांब ठोका आखूड ठोक्याच्या नेमका दीडपट असतोच असं नाही. संथ गाण्यात तो ताणला जातो, जलद गाण्यात आखडतो. संगणकावर काटेकोर मोजमापाने बनवलेला सातचा ठेका निर्जीव वाटतो तो यामुळे.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, सातचे आठ होणं. चारच्या पटीची सवय असलेला हात शेवटी एक मात्रा थांबतो. मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर टाळी दिली तर चार आवर्तनांत तुम्ही चार मात्रा मागे पडता, म्हणजे चूक लगेच उघडी पडते. दुसरी, सातचे सहा होणं. लांब ठोका आखडून तीन सारखे ठोके उरतात आणि लेस्नोतोचा वॉल्ट्झ होतो. जलद गतीत ही चूक जास्त होते. तिसरी सर्वांत फसवी: ३+२+२ आणि २+२+३ एकमेकांत मिसळणं. आकडे तेच, फक्त सुरुवात कुठे हा फरक. त्याचा निकाल सुरावटीवरून लावू नये. ढोलाचा जड ठोका आणि त्यानंतरचा पहिला आखूड ठोका यांतलं अंतर ऐकावं. ते लांब असेल तर ३+२+२.

लेस्नोतोच्या नाचात आणखी एक गंमत दडलेली आहे आणि ती सामायिक मुळांचा भक्कम पुरावा आहे. हातात हात धरून अर्धवर्तुळात, उजवीकडे सरकत नाचायचं. पहिल्या आवर्तनात लांब ठोक्यावर उजवा पाय उजवीकडे आणि आखूड ठोक्यांवर डावा पाय त्याच्या पुढून ओलांडून. दुसऱ्या आवर्तनात उजवा पाय पुन्हा उजवीकडे आणि डावा किंचित उचलून अधांतरी. तिसऱ्यात डावा खाली आणि उजवा उचललेला. म्हणजे पावलांचा घाट तीन आवर्तनांचा. पण सुरावटीचं वाक्य बहुधा चार आवर्तनांचं असतं. त्यामुळे पाय आणि सूर प्रत्येक वेळी वेगळ्या जागी भेटतात आणि बारा आवर्तनांनी पुन्हा एकत्र सुरुवातीला येतात. शिकणारे इथे हमखास गोंधळतात, कारण गाण्याची ओळ नव्याने सुरू झाली की पावलंही नव्याने सुरू करावीशी वाटतात. तसं करायचं नाही. पाय तीनात, गाणं चारात, दोघांनी आपापलं चालू ठेवायचं.

हा तीन आवर्तनांचा घाट ग्रीस आणि बल्गेरियात आहे, आणि अनातोलियातल्या कित्येक हालाय नाचांतही आहे. रांगेच्या उजव्या टोकाचा म्होरक्या रुमाल फिरवत नाच चालवतो, हेही दोन्हीकडे सारखं.

नऊ, आणि त्यापुढे

नऊ मात्रांची २+२+२+३ ही रचना तुर्कस्तानात उसूल म्हणून ‘अक्साक’ याच नावाने ओळखली जाते. थ्रेसचा समोरासमोर नाचायचा कार्शिलामा याच लयीत असतो. मॅसेडोनियातल्या रोमा म्हणजे जिप्सी समाजाच्या वस्त्यांमध्ये चोचेक नावाचा नाच आहे आणि त्याचा एक प्रकार हुबेहूब याच नऊ मात्रांचा. दोन गाणी शेजारी ठेवून फक्त ढोल ऐकला तर सीमारेषा सापडत नाही.

गती बदलली की मात्र वाट बदलते. एजियन किनाऱ्यावरच्या झेयबेक नाचातही नऊच मोजतात, पण इतके संथ की एका आवर्तनात नाचणारा हात पसरून, एका पायावर तोल सावरून, गुडघा जमिनीला टेकवून उठतो. असा झेयबेक मॅसेडोनियाच्या मुख्य परंपरेत नाही. मॅसेडोनियाचं स्वतःचं वैशिष्ट्य म्हणजे बितोला भागातला बेरान्चे: बारा मात्रा, ३+२+२+३+२, आणि लांब ठोके वादकाच्या मनाप्रमाणे ताणलेले. लिहिलेल्या स्वरलिपीवरून तो वाजवायला गेलं की बिनसतो. ढोलवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून लांब ठोका किती धरायचा ते ठरवतो.

ही असमान लय आली कुठून? तुर्कांनी बाल्कनमध्ये आणली, बाल्कनमधून तुर्कांनी उचलली, प्राचीन ग्रीक छंदांतून उतरली, असे तीनही दावे अभ्यासकांनी केले आहेत आणि त्यांत एकमत झालेलं नाही. निश्चित म्हणता येईल ते इतकंच की ऑटोमन काळात हा सगळा पट्टा एकमेकांशी जोडलेला होता आणि नाचाच्या लयी त्यात फिरत राहिल्या.

स्वर: एकाच सप्तकात ५३ कण

तुर्की संगीतात स्वररचनेला मकाम म्हणतात. आपल्या रागासारखीच त्याची कल्पना आहे: नुसते स्वर पुरत नाहीत, चलनही ठरलेलं असतं. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच आणि चालणं वेगळं, तसेच उश्शाक आणि हुसेनी हे मकाम. स्वर जवळजवळ एकच, पण उश्शाक खालून, षड्जाच्या आसपास सुरू होतो, हुसेनी पंचमापासून. विसाव्या शतकातल्या तुर्की सिद्धांताने सप्तकाचे ५३ सूक्ष्म भाग मानले आणि त्या एककाला ‘कोमा’ म्हटलं. सा ते शुद्ध रे हे अंतर ९ कोमांचं.

खेड्यातला गायक अर्थातच कोमा मोजत नाही. मकामांची नावंही शहरी वादकांच्या तोंडी जास्त असतात. पण कोमा हाताशी असला की दोन देशांतला फरक बारकाईने दाखवता येतो.

हिजाझ हा मकाम घ्या. सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म. भैरव किंवा बसंत मुखारी ऐकलेल्या कानाला हा पूर्वांग ओळखीचा आहे. वरच्या भागात चढताना धैवत शुद्धाकडे झुकतो, उतरताना कोमल होतो. मॅसेडोनियाचं जगभर गायलं जाणारं ‘योवानो, योवानके’ हे प्रेमगीत सात मात्रांत आणि हिजाझच्या स्वरांत आहे. सामायिक मुळांची दोन्ही लक्षणं एकाच गाण्यात, त्यामुळे सुरुवातीला ऐकायला हेच घ्यावं.

आता बारकावा. तुर्की सिद्धांतात हिजाझच्या या चार स्वरांमधली अंतरं ५, १२ आणि ५ कोमांची आहेत. अकॉर्डियनवर तेच स्वर वाजवले तर मधलं अंतर १२ ऐवजी सव्वातेरा कोमांचं होतं आणि बाजूची दोन अंतरं साडेचारच्या खाली उतरतात. म्हणजे कोमल रे आणखी खाली गेला आणि ग आणखी वर चढला. रंग भडक झाला. मॅसेडोनियात विसाव्या शतकात अकॉर्डियन सर्वत्र पसरलं आणि हिजाझ या भडक रूपात रुळला.

उश्शाकचं नुकसान याहून मोठं. त्याचा दुसरा स्वर कोमल आणि शुद्ध रे यांच्या मधोमध कुठेतरी राहतो. सिद्धांतात तो षड्जापासून ८ कोमांवर मांडतात, प्रत्यक्ष गाण्यात अजून खाली घेतात. अकॉर्डियनवर ती पट्टीच नाही. वादकाला एक तर कोमल रे निवडावा लागतो, म्हणजे गाणं आपल्या भैरवी थाटाच्या जवळ जातं आणि तुर्की नावाने कुर्दी होतं, नाही तर शुद्ध रे, म्हणजे ते पाश्चात्त्य मायनर होतं. त्यामुळे एकाच सुरावटीची तुर्की आणि मॅसेडोनियन रूपं वेगळी वाटली, तर आधी साथीला कुठलं वाद्य आहे ते बघावं. पुष्कळदा फरक परंपरेचा नसतो, वाद्याचा असतो. जुन्या पिढीच्या गायकांची साथीशिवायची ध्वनिमुद्रणं, कवाल (मेंढपाळांची बासरी) आणि झुर्ला (सनईच्या जातीचं वाद्य) यांत तो मधला स्वर मॅसेडोनियातही शाबूत आहे.

हे मकाम ‘तुर्की’ म्हणून शिक्का मारतानाही जपून. ऑटोमन दरबारी संगीत तुर्कांनी, ग्रीकांनी, आर्मेनियनांनी, ज्यूंनी मिळून घडवलं आणि त्यात इराणी, अरबी व बायझंटाइन चर्चसंगीताचे धागे आहेत. ऑर्थोडॉक्स चर्चच्या आठ स्वरपद्धतींतली एक हिजाझच्या इतकी जवळ आहे की मॅसेडोनियन गायकाच्या कानावर हे स्वर रविवारी चर्चमध्येही पडत आणि लग्नाच्या मांडवातही.

तालाशिवायचं वादन हाही सामायिक भाग आहे. तुर्की वादक गाण्याआधी तक्सीम करतो, म्हणजे आपला आलापच. मॅसेडोनियातले मेंढपाळ कवालवर संथ, तालमुक्त सुरावटी वाजवतात आणि त्यांना एझगिया म्हणतात.

झुर्ना-दावुल, झुर्ला-तापान

तुर्कस्तानात दावुल हा ढोल आणि झुर्ना, मॅसेडोनियात तापान हा ढोल आणि झुर्ला. जोडी तीच, काम तेच: लग्न, सुंता, जत्रा, कुस्ती. एदिर्नेजवळच्या किर्कपिनारच्या तेल लावून खेळायच्या कुस्त्या दावुल-झुर्नाशिवाय होत नाहीत, आणि मॅसेडोनियातल्या गावोगावच्या फडांतही पैलवान उतरला की झुर्ला सुरू होते. सांगली-कोल्हापूरच्या आखाड्यात हलगी जे करते तेच तिथे तापान करतो: पकड घट्ट झाली की गती वाढवतो.

झुर्ला म्हणजे निमुळती लाकडी नळी, तळाला पसरट तोंड. वर बोटांसाठी सात छिद्रं, खाली अंगठ्यासाठी एक. तोंडाजवळ आणखी काही बारीक छिद्रं असतात, ती कधीच झाकत नाहीत. वरच्या टोकात एक दोन फाट्यांचा लाकडी तुकडा बसवतात, त्यात धातूची बारीक नळी आणि नळीवर बोरूची चपटी पत्ती. नळीभोवती एक चकती असते आणि वादकाचे ओठ त्या चकतीला टेकतात. आपली सनई आणि ही झुर्ला यांतला मोठा फरक इथेच आहे. सनईत पत्ती ओठांत धरलेली असते, म्हणून मींड आणि नाजूक चढ-उतार साधतात. झुर्लात पत्ती ओठांच्या पलीकडे, तोंडाच्या पोकळीत मोकळी थरथरते. ओठांचा ताबा नाही, सगळा खेळ श्वासाच्या दाबाचा आणि बोटांचा. आवाज त्यामुळे एकसलग, प्रचंड आणि मैदानभर पोचणारा.

श्वास तुटू द्यायचा नसतो. गालात हवा साठवून ती ढकलत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा. नवख्याचं इथेच बिघडतं: गाल रिकामे झाल्यावर श्वास घ्यायला जातो आणि सूर तुटतो. गाल अर्धे भरलेले असतानाच घेतला पाहिजे. पत्ती कोरडी राहिली तर आवाजच फुटत नाही, म्हणून वाजवण्याआधी ती भिजवून घेतात.

झुर्ला नेहमी दोन. एक सुरावट वाजवते, दुसरी अखंड षड्ज धरते. या धरलेल्या सुराला तुर्कस्तानात ‘देम’ म्हणतात. आकारातही खूण आहे. मॅसेडोनियातली मोठी, खर्जातली झुर्ला पश्चिम तुर्कस्तान आणि थ्रेसच्या ‘काबा झुर्ना’शी जुळते, आखूड आणि तीक्ष्ण जातीशी नाही. रुमेलीचं नातं इथे पुन्हा दिसतं.

तापान डाव्या खांद्यावरून पट्ट्याने अडकवतात. दोन्ही बाजूंना चामडं, दोऱ्यांनी ताणलेलं. उजव्या हातात जाड, वाकड्या टोकाचं लाकूड, डाव्या हातात बारीक छडी. तुर्कीत पहिल्याला टोकमाक, दुसरीला चुबुक म्हणतात. जाड लाकूड लांब ठोक्याची सुरुवात सांगतं, छडी मधल्या मात्रा भरते. छडीऐवजी दुसरंही जाड लाकूड घेतलं तर सात मात्रा नुसत्या गडगडाटात बुडतात. तुर्की उसूल शिकवताना मांडीवर ‘द्युम’ आणि ‘तेक’ असे जड-हलके आघात करतात, ते याच दोन काठ्यांचं रूप.

हे कुटुंब आपल्या नौबतखान्यापर्यंत येतं. सुर्ना आणि नगारा हे इराणी-मध्य आशियाई दरबारी व लष्करी वादन एका बाजूला ऑटोमनांच्या मेहतेर पथकात गेलं, दुसऱ्या बाजूला मुघलांच्या नौबतीत आणि पुढे मराठी देवळांच्या, वाड्यांच्या सनई-चौघड्यात. मेहतेरमधल्या जोडनगाऱ्याचं नाव ‘नक्कारे’ आहे. मेहतेर पथकं १८२६ मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदने जानिसारी फौजेबरोबरच बरखास्त केली. १८२८ मध्ये इटालियन संगीतकार जुझेप्पे दोनिझेत्ती इस्तंबूलला आला आणि लष्करात पाश्चात्त्य पितळी वाद्यांचे बँड रुजले. मॅसेडोनियातल्या कोचानीसारख्या गावांत आजही पितळी बँड नऊ मात्रांचे चोचेक वाजवतात. वाद्य युरोपचं, लय आणि मकाम रुमेलीचे.

बाकीच्या वाद्यांबद्दल थोडक्यात. कवाल ही दोन्ही टोकं उघडी असलेली, काठावर तिरकी फुंकायची लांब बासरी, दोन्ही देशांत मेंढपाळांची. मॅसेडोनियात ती बहुधा जोडीने वाजते, एक सूर धरून. गाइदा म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची पिशवी लावलेली मशक. मॅसेडोनिया आणि तुर्की थ्रेस या दोन्हीकडे तिला षड्ज धरणारी वेगळी लांब नळी असते. काळ्या समुद्राकडच्या तुलुम मशकेला ती नसते, म्हणून ‘तुर्की मशक’ म्हणून तुलुमशी तुलना करणं चुकीचं. तंतुवाद्यांत तुर्की बालामाच्या दांडीवर सरकवता येणारे दोऱ्याचे पडदे असतात, सप्तकात साधारण १७, त्यामुळे उश्शाकचा तो मधला स्वर मिळतो. आजच्या बहुतेक मॅसेडोनियन तांबुरांवर धातूचे पक्के पडदे आहेत आणि तो स्वर हरवला आहे.

शहरातली चालगिया

वेलेस, बितोला, ओहरिद, श्टिप, स्कोप्ये या गावांत एकोणिसाव्या शतकापासून चालगिया नावाचे वाद्यवृंद होते: व्हायोलिन, ऊद, कानून, दायरे म्हणजे झांजा लावलेला डफ, पुढे क्लॅरिनेट. ऊदाच्या जागी कधी कधी जुम्बुश आला. धातूच्या भांड्यावर कातडं ताणलेलं हे वाद्य १९३० च्या सुमारास इस्तंबूलमध्ये झेयनेल आबिदीन जुम्बुश याने बनवलं आणि काही वर्षांत बाल्कनभर पसरलं. म्हणजे साम्राज्य संपल्यानंतरही वाद्यांची वाट बंद झाली नव्हती.

चालगियाचे वादक एकाच रात्री मॅसेडोनियन गाणं, तुर्की शार्की (शहरी गीत) आणि ग्रीक किंवा ज्यू गिऱ्हाइकाची फर्माईश वाजवत. सामायिक मुळांचा सर्वांत दाट भाग या शहरी संगीतात आहे. १९४४ च्या अखेरीस सुरू झालेल्या रेडिओ स्कोप्येने चालगिया जपली, पण स्टुडिओत बसवताना तिची रचनाही आटोपशीर केली.

वाजवणारे हात

आता चौथी जागा. झुर्ला-तापान वाजवणं हा मॅसेडोनियात मुख्यतः रोमा कुटुंबांचा व्यवसाय, आणि पश्चिम तुर्कस्तानातही तसंच. बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे. हे वादक ख्रिस्ती लग्नात वाजवत, मुस्लिम सुंतेला वाजवत, तुर्की, अल्बानियन, मॅसेडोनियन सगळ्यांकडे जात. यजमान बदलला की गाणं बदलायचं, पण हात तेच, दागिने तेच, लयीची पकड तीच. दोन समाज एकमेकांच्या लग्नाला जात नसतील, तरी दोघांकडे एकच वादक जात होता. साम्य टिकलं आणि पसरलं ते सर्वांत जास्त या माणसांमुळे, आणि लोकसंगीतावरच्या राष्ट्रीय इतिहासांत त्यांचं नाव सर्वांत कमी येतं हा अन्याय आहे. स्कोप्येची गायिका एस्मा रेजेपोवा (१९४३–२०१६) हिच्यामुळे या परंपरेला जगात चेहरा मिळाला.

रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेले आणि त्यांची भाषा हिंदी-मराठीच्याच इंडो-आर्यन कुळातली आहे. म्हणून सात मात्रा त्यांनीच भारतातून नेल्या असं सांगितलं जातं. याला आधार नाही. रोमा वादक ज्या देशात गेले तिथलं संगीत वाजवत आले. हंगेरीतले रोमा हंगेरियन ढंगात वाजवतात, मॅसेडोनियातले रुमेली ढंगात.

जिथे साम्य संपतं

मॅसेडोनियाच्या खेड्यातल्या बायकांची जुनी गाणी ऐकली की तुर्की धागा सुटतो. लाझाराच्या शनिवारी (ईस्टरआधीचा ख्रिस्ती सण) घरोघर जाऊन म्हणायची, कापणीची, लग्नविधीची ही गाणी तीन-चार स्वरांच्या आत फिरतात. पूर्वेकडे ती दोन आवाजांत असतात: एक गट सूर धरतो, दुसऱ्याचा स्वर त्याला अगदी चिकटून घासत जातो. सा आणि रे एकाच वेळी, मोकळ्या गळ्याने. गायिकांना ती घासण हवी असते. आपल्याला बेसूर वाटेल, तिथे तीच सुरेल. तुर्की लोकगायन एकाच सुरावटीत चालतं, त्यात हा थर नाही. पश्चिमेला दोल्नी पोलोगमधलं पुरुषांचं ग्लासोएच्को गायन २०१५ मध्ये युनेस्कोने तातडीने जतन करायच्या यादीत घेतलं, कारण ते म्हणणारे फार थोडे उरले आहेत.

शब्दांची घडणही निराळी. तुर्की ‘मानी’ सात अक्षरांच्या चार ओळींची, पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकात. जुन्या मॅसेडोनियन गाण्यात बहुधा आठ अक्षरांची ओळ असते आणि यमक नसतं. मॅसेडोनियन गाण्यात घट्ट यमक दिसलं तर ते शहरातलं किंवा अलीकडचं असण्याची शक्यता मोठी.

गाणं नेमकं कुणाचं

विसाव्या शतकात दोन्ही देशांनी लोकसंगीत पद्धतशीर गोळा केलं. इस्तंबूलच्या संगीत विद्यालयाने १९२६ पासून संकलनाचे दौरे काढले. १९३६ मध्ये बार्तोक स्वतः तुर्की संगीतकार अहमद अदनान सायगुनबरोबर अदानाच्या बाजूला गाणी टिपत फिरला. मॅसेडोनियात १९४९ मध्ये ‘तानेत्स’ हा राष्ट्रीय नृत्यसंच आणि १९५० मध्ये स्कोप्येची लोकसाहित्य संस्था उभी राहिली. काम मोलाचं झालं. पण प्रत्येक गाण्यावर एका राष्ट्राचं नाव चिकटवायची गरजही याच काळात आली. तुर्की भाषेत ‘उस्कुदारला जाताना’ म्हणून गायलं जाणारं गाणं मॅसेडोनियन, ग्रीक, बल्गेरियन, सर्बियन भाषांतही आहे आणि प्रत्येक ठिकाणी ते आमचंच असं सांगतात. बल्गेरियन दिग्दर्शिका अदेला पेएवाने २००३ मध्ये या एका गाण्यावर पूर्ण माहितीपट केला.

असं गाणं समोर आलं की मालकी ठरवण्याऐवजी ते उलगडावं. आधी ढोलाचा जड ठोका शोधा आणि आवर्तन मोजा. मग धरलेला सूर शोधून त्याला सा म्हणा. दुसरा स्वर ऐका: तो कोमल आहे, शुद्ध आहे, की मधला? कोमल असेल तर गंधार किती उंच आहे ते बघा. शुद्ध ग म्हणजे हिजाझ, कोमल ग म्हणजे कुर्दी, आणि अकॉर्डियन साथीला असेल तर कदाचित दबलेला उश्शाक. मग वाद्यं आणि शेवटी यमक. ७ मात्रा, हिजाझ, झुर्ला आणि बिनयमकाची आठ अक्षरी ओळ असं मिश्रण निघालं, तर लय, स्वर आणि वाद्य रुमेलीच्या सामायिक भांडारातले आणि शब्द स्लाव्ह खेड्यातले, असे दोन थर वेगळे दिसतात. उत्तर मॅसेडोनियात २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ४ टक्के लोक तुर्की आहेत, त्यामुळे एकच चाल दोन भाषांत एकाच गल्लीत ऐकू येणं तिथे आजही शक्य आहे. अशा दोन आवृत्त्या एकाच गावातून मिळाल्या तर त्या आधी ऐकाव्यात. भाषा सोडून बाकी सगळं स्थिर असल्यामुळे तुलना सर्वांत स्वच्छ तिथेच होते.